गावानं पाडलेले काकाजी

काकाजी मत मागायला कधी गाडीत बसून गावात शिरले नाहीत. शिवेपाशी दमणी सोडायची, बैल बाभळीला बांधायचे आणि धोतराचा सोगा हातात धरून पायी आत जायचं, हा त्यांचा रिवाज. ऊन असो की गुडघाभर चिखल असो. "मांगनारा मानूस उंचावर बसून मांगत नसते गड्या," असं ते मला सांगत.

पारावर माणसं जमली तरी स्वतःचं सांगायला ते लगेच सुरुवात करत नसत. आधी समोरच्या उमेदवाराची ओळख करून देत. "मंगरूळचे वकीलसाहेब उभे हायत. शिकेल मानूस हाय. इंग्रजीत बोलाले लागला तं कलेक्टर खुर्चीतून उठते. त्यायचं आयकून घ्या." एवढं बोलून खाली बसत. मग कुणीतरी विचारायचं, "अन् तुमी, काकाजी?" त्यावर म्हणायचे, "मीबी हाओ उभा." भाषण संपलं. गाडीत परतताना मी कपाळाला हात लावायचो आणि ते बैलांशी बोलत बसायचे.

त्यांची राजकारणातली कामगिरी सांगायला दोन ओळी पुरतात. जनपद सभेवर, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या कारभारी मंडळावर, एकदा निवडून आले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या विधानसभेला वकीलसाहेबांना हरवून नागपूरला गेले. पुढच्या खेपेला त्याच वकीलसाहेबांकडून थोडक्यात हरले, आणि परत उभे राहिले नाहीत. पण आमच्या तालुक्यात हे असं कुणी सांगत नाही. काकाजी म्हणजे ज्यांना त्यांच्या गावानंच पाडलं ते, एवढंच लोकांना ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या नाल्यावरच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. गावातला सगळ्यांत म्हातारा म्हणून मला शाल, नारळ आणि पुढच्या रांगेतली खुर्ची मिळाली. एक तरुण पुढारी बोलायला उठला. म्हणाला, "इथं आधी जो रपटा होता, तो ज्यांनी आणला त्यांना त्यांच्याच गावानं घरी बसवलं. का बसवलं ते गावाला माहीत. गाव कधी चुकत नसतं." लोक हसले. मी मांडीवरचा नारळ धरून बसून राहिलो.

गाव चुकलं होतं. कसं चुकलं हे माहीत असलेली बाकीची माणसं केव्हाच गेली. उरलो मी.

काकाजी आमदार झाले तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे होतो आणि आमची राजधानी नागपूर होती. नागपूरला आमदारांच्या वस्तीत त्यांना एक खोली मिळाली. त्या खोलीत ते स्वतः किती वेळा झोपले असतील याची मला शंका आहे. शेलूबाजारपासून पलीकडच्या डोंगरापर्यंतचा कुणीही आजारी माणूस मोठ्या दवाखान्यात जायचा झाला की बोचकं घेऊन थेट तिथं. खाटेवर बाळंतीण, खाली तिची सासू, कोपऱ्यात पाय कापलेला एखादा मजूर, आणि आमदारसाहेब व्हरांड्यात धोतर पांघरून. एकदा मी गेलो तर दारात एका म्हाताऱ्यानं मलाच अडवलं आणि दटावून विचारलं, "कोन पाह्यजे? आमदाराची खोली हाय हे." काकाजी मागं चुलीशी त्याच्यासाठी पेज शिजवत होते.

पुढं नागपूरची राजधानी गेली आणि मुदतीचे शेवटचे महिने त्यांना मुंबईला जावं लागलं. परत आल्यावर गावानं विचारलं, मुंबई कशी हाय? विचार करून म्हणाले, "समुद्र लय मोठा हाय. पन प्याच्या कामाचा नाई."

सभागृहात त्यांनी पहिल्यापासून एकच प्रश्न लावून धरला. आमच्या गावाच्या आणि सडकेच्या मधल्या नाल्यावर रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा पण पाणी ओसरताच मोकळा होणारा ठेंगणा पूल, केव्हा होणार? नाला लहान, पण त्याच्या तळाशी गाळ. एकदा पूर आला की दोन-दोन दिवस पाय ठेवता येत नसे. गावातल्या गोदामायची सून त्याच काठावर, खाटेवर, बाळंतपणात अडून गेली होती. पोटातलं लेकरूही गेलं. प्रत्येक अधिवेशनात काकाजी तोच प्रश्न विचारत आणि प्रत्येक वेळी उत्तर येई, 'विचाराधीन आहे.' गावात येऊन ते आम्हांला सांगत, "विचार चालू हाय म्हनतात. लय मोठा विचार दिसते, सरूनच नाई राह्यला."

एका श्रावणात मंत्री शेलूबाजारला कसल्याशा कार्यक्रमाला आले. काकाजींनी हात जोडून त्यांना आमच्या गावी जेवणाचं आमंत्रण दिलं. जीप नाल्यापाशी पोचली आणि नाला भरून आला. पलीकडे गाव पंगत मांडून उभं, अलीकडे मंत्री. काकाजींनी शांतपणे बाभळीखाली घोंगडं अंथरलं, मंत्र्यांना बसवलं, खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा पुढं ठेवल्या. बराच वेळ गेला. मंत्र्यांनी घड्याळात बघत विचारलं, पाणी कधी उतरेल?

काकाजी शुद्ध सभागृहातल्या भाषेत म्हणाले, "विचाराधीन आहे."

मंत्री आधी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग शेंगांची टरफलं उडेस्तोवर हसले. त्या वर्षी रपटा मंजूर झाला. पुढं मी काकाजींना विचारलं, नाला तेव्हाच येणार हे तुम्हांला माहीत होतं का? ते म्हणाले, "डोंगरावर काया ढग पाह्यला, मंगच आवतन देलं."

रपटा तयार झाला त्या दिवशी त्यावरून आधी कोण जाणार म्हणून लोक काकाजींना पुढं करू लागले. त्यांनी गोदामायला बोलावलं. ती एकटी चालत पलीकडे गेली, पलीकडे थोडा वेळ उभी राहिली, आणि परत आली. मग बाकीचे गेले. भाषण नाही, हार नाही. असा आमचा आमदार होता, आणि त्याच्यासोबत मी दमणीत बसत होतो, हे आजही सांगताना माझी मान ताठ होते.

आता त्यांच्या मताची गोष्ट.

तेव्हाची निवडणूक आजच्यासारखी नव्हती. कागदावर शिक्का मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चित्र. हातातला कागद ज्याच्या पेटीत टाकाल त्याला मत. पहिल्या निवडणुकीत आमच्याकडच्या बायांनी पेटीला कुंकू लावलं, फुलं वाहिली, कुणी फटीतून गव्हाचे दाणेही सोडले. काकाजींचं चित्र कंदिलाचं होतं.

ती निवडणूक जिंकल्यावर आम्ही दोघं दमणीतून शेलूबाजारला निघालो होतो. मी तेव्हा तिशीतला, दोन लेकरांचा बाप, मॅट्रिक झालेला म्हणून त्यांची टपालं लिहिणारा. थट्टेनं म्हणालो, "काकाजी, स्वतःच्या पेटीत कागद टाकताना कसं वाटलं?" ते बैलांकडे बघत म्हणाले, "आपल्या पेटीत कायले टाकू? म्या वकीलसाहेबाच्या पेटीत टाकलं."

मला वाटलं थट्टा करतात. पण ते गंभीर होते. "रोडग्याच्या पंगतीत," ते म्हणाले, "आपल्या रोडग्यात आपनच तूप ओतून घेते काय कोनी? पाव्हन्याले वाढाव. आपल्याले कोनी वाढलं तं खाव, नाई तं कोरडा खाव." आणि लगेच, "हे कोनाले सांगाचं नाई बरं."

आमच्याकडे रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे. ते फोडून त्यात तूप ओततात. तूप वाढायला यजमान स्वतः फिरतो, पाहुण्यापासून सुरुवात करतो, आणि घरची माणसं सगळ्यांत शेवटी बसतात. त्यांनी निवडणुकीलाही तोच नियम लावला होता. पाच वर्षं ती गोष्ट मी पोटात ठेवली.

दुसऱ्या खेपेला वारं वेगळं होतं. वकीलसाहेबांच्या पक्षाच्या मोटारी गावोगाव कर्णे लावून फिरत होत्या. आमची ती एक दमणी. मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पारावर गाव जमलं होतं आणि मला सारखी धास्ती वाटत होती की आपलीच माणसं डळमळतील. काकाजी तिथं नव्हते. मी उभा राहिलो आणि ती गोष्ट सांगून टाकली. आपला माणूस स्वतःचं मतसुद्धा समोरच्याच्या पेटीत टाकतो, असा माणूस कोणत्या गावात आहे, असं विचारलं. भिंतीआड बाया उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. एक म्हातारा म्हणाला, "अशा मानसाच्या गावचे आपन." मी घरी आलो तो गावाचं एकूण एक मत खिळ्यानं ठोकून आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलसाहेब स्वतः आमच्या गावी आले. मोटार रपट्याच्या पलीकडे बिघडली होती. उन्हातून चालत आलेले, तोंड सुकलेलं, सोबत कुणी नाही. पारावर टेकले. काकाजींनी स्वतः घरून पाण्याचा गडवा आणून दिला आणि शेजारी बसून वारा घातला. शाळेपुढं रांगेत उभ्या असलेल्या बाया ते बघत होत्या. मी सुद्धा बघत होतो, आणि मला त्यात अभिमानाखेरीज काही दिसलं नाही.

मोजणी अकोल्याला झाली. तेव्हा प्रत्येक गावच्या पेट्या वेगवेगळ्या उघडत, त्यामुळे कुठल्या गावानं कुणाला दिलं हे सगळ्यांसमोर कळे. इतर गावांत काकाजी थोडे पुढं, थोडे मागं असे चालले होते. मग आमच्या गावच्या पेट्या आल्या. कंदिलाची पेटी उघडली, कागद पडले. वकीलसाहेबांची उघडली, आणि कागदांचा ढीग टेबलावरून खाली घसरला. मोजणाऱ्यानं मान वर करून काकाजींकडे बघितलं. वकीलसाहेबांनी खाली बघितलं. काकाजी म्हणाले, "बरोबर मोजलं तुमी. घ्या पुढची." आमचं गाव आमच्या बाजूला राहिलं असतं तर ती निवडणूक आम्ही जिंकलो असतो.

परतीच्या मोटारीत ते एकदाच बोलले. "दुसऱ्या गावायचं सोड गड्या. आपल्या गावाचं म्या काय बिघडवलं असन? तुले काई माईत असन तं सांग."

मला काही माहीत नव्हतं. तालुक्याला मात्र लगेच माहीत झालं. रपट्यात खाल्लं असेल, म्हणाले. बाहेरच्याला माणूस साधू दिसतो, खरं घरच्यालाच कळतं, म्हणाले. काकाजींनी पारावर जाणं सोडलं. वाटेत कुणी भेटलं की ते आधी हात जोडत. निवडणुकीत जोडत तसे नाही, चुकलेला माणूस जोडतो तसे. गावही खाली मान घालून चालायचं. ते मला बघवेना.

चार दिवसांनी गोदामाय माझ्या अंगणात येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच म्हणाली, "बापू, म्या वकिलाच्या पेटीत टाकलं."

मी चिडलो. "काहून माय? ज्या मानसानं तुले रपट्यावरून पयले चालवलं..."

"म्हनूनच तं," ती म्हणाली. "तूच सांगतलं ना, काकाजी आपलं मत पाव्हन्याले देतात म्हनून. मंग आमी त्यायच्याच गावचे ना बापू? पाव्हना उन्हाचा पायी आलता. त्याची पेटी आपल्या गावातून रिकामी कशी धाडाव? काकाजीच्या पेटीले सारं गाव व्हतं. मले वाटलं, मी एकलीच."

त्या दिवशी मी गावभर हिंडलो. विहिरीवर, लोहाराच्या भात्यापाशी, देवळात. काही ना काही निमित्त काढून विचारत गेलो. सगळे तसे नव्हते, पण जवळजवळ अर्धं गाव तसंच होतं. प्रत्येकानं इकडेतिकडे बघून आवाज उतरवला आणि प्रत्येकानं तेच सांगितलं. मले वाटलं, मी एकलाच.

काकाजी खळ्यावर होते. गहू उफणायला तिवईवर चढून वाऱ्याची वाट बघत उभे. मी खालूनच सगळं सांगितलं. पार, माझं बोलणं, गोदामाय, सगळं. ते ऐकताना त्यांच्या हातातलं सूप हळूहळू तिरपं झालं आणि गहू खाली सांडला, तो त्यांच्या लक्षात आला नाही. मग ते तिवईवरून उतरले, गव्हाच्या राशीला टेकून बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसू लागले.

"म्हंजे माह्यावर राग नाई गावाचा?"

"नाही काकाजी."

"पाव्हन्याले वाढलं त्यायनं."

"हो."

"सारं गाव यजमान झालं गड्या," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. गेल्या चार दिवसांत वाकलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाला. निवडून आले त्या दिवशीसुद्धा मी त्यांना इतकं सुखी पाहिलं नव्हतं.

काकू तिथंच पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं. म्हणाल्या, "म्या तं बाई तुमच्याच पेटीत टाकलं. तेबी चुकलं काय?"

"तुयं माफ हाय," काकाजी म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "तू सांगाले नोको व्हतं. वाढलं ते वाढलं. सांगाले नव्हतं वाढलं."

मी मान खाली घातली. मी म्हणालो, आता तरी मी तालुक्याला सगळं सांगतो, तुमच्यावरचा डाग जाईल. त्यांनी हात वर केला. "मंग लोक काय म्हनतीन? येड्यायचं गाव म्हनतीन. आपल्या बाया बजारात गेल्या तं हसतीन त्यायले. मले चोर म्हनतात तं म्हनू दे, मी एकला हाओ. गावाले येडं म्हनू नये कोनी. मी हाय तवर बोलाचं नाई."

मी हाय तवर. शब्द नेमके हेच होते. ते त्यानंतर दहा-बारा वर्षं होते, आणि तेवढ्या वर्षांचं माझं गप्प राहणं त्यांच्या शब्दाखातर होतं. पुढची सगळी वर्षं मी माझ्यासाठी गप्प राहिलो. कारण ती गोष्ट सांगायची तर कुणी सांगितली, कुणामुळे झालं, हेही सांगावं लागलं असतं. लोक काकाजींना रपट्यात खाल्लेला म्हणत होते आणि मी त्यांचा विश्वासू माणूस म्हणून शाली घेत होतो. नव्या पुलाच्या मांडवातली शेवटची.

वकीलसाहेब निवडून आल्यावर आभार मानायला आधी आमच्याच गावी आले. काकाजींनी मारुतीपुढच्या लिंबाखाली रोडग्यांची पंगत मांडली. वांग्याची भाजी, वरण, आणि तूप मात्र सगळ्या गावानं थोडं थोडं आणून एका मोठ्या गडव्यात गोळा केलेलं. मला काकाजींनी जबरदस्तीनं पाहुण्यांच्या ओळीत बसवलं. वकीलसाहेब भले गृहस्थ होते, ते अवघडून गेले होते. जेवता जेवता म्हणाले, "काकाजी, तुमच्या गावानं मला का दिलं, हे मला अजून कळलं नाही."

काकाजी त्यांच्या रोडग्यात तुपाची धार धरत म्हणाले, "पाव्हना उपाशी नाई गेला ना? बस झालं."

पाहुणे उठले, मग गाव बसलं, आणि सगळ्यांत शेवटी काकाजी बसले. मला वकीलसाहेबांच्या लोकांनी उठता उठता आग्रहानं आणखी एक रोडगा घ्यायला लावला होता, मी अजून पानावरच होतो. आता तुपाचा गडवा गोदामायच्या हातात होता. ती ओळीनं वाढत आली आणि काकाजींपुढं येऊन थांबली. गडवा तिरपा केला, आणखी तिरपा केला. काही आलं नाही. तिचा चेहरा उतरला.

काकाजींनी तिच्या हातून गडवा घेतला. रोडग्याचा एक तुकडा मोडला, गडव्यात हात घालून आतून चहूकडे फिरवला, आणि तो तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले.

"बुडाचं तूप लय खमंग रायते, माय," ते म्हणाले.

गोदामाय पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली. वकीलसाहेब दुरून बघत होते, त्यांना काही उमगलं नाही. मी खाली बघून जेवत राहिलो. माझ्या रोडग्यात काठोकाठ तूप होतं.